आळीपाळीने

आमच्या घरात शिफ्ट स्त्रीलिंगी होती. बाबांची पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, रात्रीची शिफ्ट. इंग्रजीत तिला ना स्त्रीलिंग, ना पुल्लिंग. विक्रोळीत उतरल्यावर ती बाई झाली, कारण जिच्या घरी ती राहायला आली ती पाळी तिथे आधीपासून नांदत होती. परका शब्द आपल्या भाषेत येतो तेव्हा तो कुणाच्या तरी जागेवर टेकतो, आणि टेकल्याबरोबर त्या जागेची ऊब त्याला लागते. बाबांच्या खाटेसारखं.

कन्नमवार नगरातल्या आमच्या खोलीत एकच खाट मावायची. लोखंडी, हिरव्या रंगाची, डोक्याकडच्या बाजूला दोन गज वाकलेले. तेव्हा लोक म्हाडा म्हणत नसत, हौसिंग बोर्डाची खोली म्हणत. बाबांच्या रात्रपाळीच्या आठवड्यात त्या खाटेवर रात्री माझा मोठा भाऊ झोपायचा. सकाळी साडेसातला बाबांची सायकल खाली लागल्याचा आवाज यायचा, तोवर भाऊ मोरीत तोंड धूत असायचा. बाबा उभ्याउभ्या चहा घ्यायचे, पेपराचं पहिलं पान चाळायचे आणि त्याच गादीवर आडवे व्हायचे. मधल्या पाच मिनिटांत आई उशीचा अभ्रा बदलायची. आठवडाभरात त्या खाटेला तेवढीच काय ती उसंत.

बाबा लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात टर्नर होते. घर पूर्वेला, कारखाना पश्चिमेला, मध्ये रेल्वेचं फाटक. त्यांच्या पँटच्या दुमडीत लोखंडाचा बारीक कीस सापडायचा आणि शर्टाला कूलंटचा आंबूस वास असायचा, कितीही धुतला तरी. युनिफॉर्मचे दोन जोड. एक अंगावर, एक दोरीवर.

माणूस भर दिवसा झोपलेला असलेलं घर ज्यांनी पाहिलंय त्यांनाच त्या शांततेचं वजन कळेल. दाराला जाड चादर टांगलेली. रेडिओ बंद. आम्ही भावंडं पाढे ओठांत म्हणायचो. शेजारच्या काकू मिरच्या कुटायला खालच्या मजल्यावर जायच्या, कुणी सांगितलेलं नसताना. आणि त्या आठवड्यात आई कुकर लावत नसे. शिट्टीने माणूस दचकून उठतो आणि उठला की पुन्हा त्याचा डोळा लागत नाही, असं तिचं म्हणणं. मग भात पातेल्यात व्हायचा. पातेल्यातल्या भाताची पेज निघते. तिच्यात मीठ आणि चमच्याच्या टोकावर येईल एवढं तूप घालून ती आम्हाला वाटीवाटीने द्यायची. जगात रात्रपाळीची चव कुणाला विचारली तर काय सांगतील ठाऊक नाही. माझ्या जिभेवर ती पेजेची आहे.

बाबा मूळचे कराडकडचे. खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या कृष्णा कालव्याचं पाणी त्यांच्या गावच्या शेतांना मिळायचं, आणि ते पाळीने मिळायचं. आजोबांची पाण्याची पाळी रात्री आली की ते कंदील आणि फावडं घेऊन निघायचे, सरीसरीने दारं धरायचे आणि पहाटे पायाला चिखल घेऊन परतायचे. आपली पाळी संपली की बांध फोडून पाणी पुढच्या शेताकडे वळवून द्यायचं, मगच घरी. शेजाऱ्याशी भांडण असलं तरी. पुढे वाचताना कळलं की धुळे-नाशिककडच्या पांझरा-मोसमच्या खोऱ्यांत फड पद्धतीने शेकडो वर्षं पाण्याची अशीच वाटणी चालत आली. कुणाच्या फडात पाणी कधी जायचं हे बघायला पाटकरी नेमलेला असायचा. बाबा म्हणायचे, तुमच्या आजोबांनीही नाईट केली, फक्त त्यांना ओव्हरटाइम नव्हता.

पाळी हा शब्द मला फार मोठ्या मनाचा वाटतो. संस्कृतातल्या पालि म्हणजे कड, ओळ, रांग, याच्याशी त्याचं नातं. कानाची पाळी ही कानाची कडच. शेतात कुळवाची पाळी घालतात तेव्हा औत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने फिरतं. ओळीत उभं राहिलेल्या प्रत्येकावर जी वेळ येते तीही पाळी. आणि बाईच्या शरीरात महिन्याच्या महिन्याला येते तीही.

मी तेराव्या वर्षात होते तेव्हा या शेवटच्या अर्थाने घरात जरा गोंधळ उडवला. आई बाबांची पाळी असं मोठ्याने, गॅलरीतून म्हणायची. दुसरी पाळी तिच्या तोंडून कधी सरळ यायची नाही. कावळा शिवला, अडचण आहे, बाजूला बसलेय, अशा वाटांनी ती त्या शब्दाला वळसा घालायची. शाळेत मुली डेट म्हणायच्या. मला वाटतं, आम्हा दोघी बहिणींच्या तोंडात बाबांसाठी शिफ्ट हा शब्द रुळला तो तेव्हापासून. एका शब्दावर लाजेचं ओझं टाकलं गेलं की त्याची बाकीची कामं दुसऱ्या कुणाला तरी उचलावी लागतात. इंग्रजी शब्द आपण मोठेपणासाठी घेतो असं सरसकट म्हटलं जातं. आमच्या घरी तो अडचण सोडवायला आला होता. आज माझी भाची बाबांसमोर पाळी आली म्हणून सरळ सांगू शकली असती, आणि त्यांनीही मान हलवून गरम पाण्याची पिशवी आणून दिली असती, याबद्दल मला शंका नाही. त्या शब्दाचं ओझं उतरलेलं बघायला ते हवे होते.

मामा मात्र शेवटपर्यंत पाळीच म्हणाला. तो लालबागला गिरणीत बदली कामगार होता. गिरणगावात पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. इकडे इंजिनिअरिंगच्या कारखान्यांच्या पट्ट्यात फर्स्ट, सेकंड, थर्ड. मामाच्या खोलीत गावाकडचे दहा-बारा जण राहायचे. निम्मे कामावर असताना निम्मे झोपलेले, म्हणून ती खोली दहा-बारांना पुरायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या खोलीतले सगळे एकाच वेळी घरी राहिले, तेव्हा पहिल्यांदा कळलं की खोलीत आडवं व्हायलाही जागा नाही. सुमारे अडीच लाख माणसांची पाळी त्या दिवशी थांबली. मामा काही महिने आमच्याकडे विक्रोळीला येऊन राहिला. दुपारी तीनला इकडच्या कारखान्याचा भोंगा झाला की हातातलं काम टाकून तो उठून उभा राहायचा, मग पुन्हा बसायचा. त्याची पाळी परत आली नाही.

दहावीनंतर मी स्टेशनजवळच्या टायपिंग क्लासला जाऊ लागले. जिन्याखालची लांबट खोली, चौदा मशिनं, एकाच पंख्याखाली. तिथे शिफ्ट मला पुन्हा भेटली, या वेळी करंगळीखाली.

टाइपरायटरची शिफ्ट की ज्यांनी दाबलेली नाही त्यांना ते नाव नुसतं नाव वाटेल. त्या मशिनवर खरोखरच काहीतरी सरकायचं. प्रत्येक दांडीच्या टोकाला दोन अक्षरं कोरलेली असायची, एकावर एक. साधी की मारली की खालचं अक्षर उमटणार. शिफ्ट दाबली की मशिनचा आतला अख्खा भाग जागचा हलायचा आणि वरचं अक्षर रिबिनीसमोर यायचं. करंगळीला त्याचं वजन जाणवायचं. शिफ्ट अर्धवट दाबली तर अक्षर ओळीच्या वर लटकायचं, आणि सर लाल पेन्सिलीने त्याला गोल करायचे. ही युक्ती १८७८ च्या रेमिंग्टन नंबर २ या यंत्रापासूनची. त्याआधीच्या रेमिंग्टनवर फक्त कॅपिटल अक्षरं उमटत. अक्षरं सरकवण्याची सोय झाली म्हणून दोन्ही वर्णमाला तेवढ्याच दांड्यांवर मावल्या. तेवढ्याच जागेत दुप्पट माणसं, मामाच्या खोलीसारखी.

क्लासमधली बहुतेक मशिनं गोदरेजची होती. देशात बनलेला पहिला टाइपरायटर त्यांनी १९५५ मध्ये काढला. आमच्यासाठी ती विक्रोळीची कंपनी, त्यामुळे मशिनवरच्या त्या नावाकडे आम्ही गावच्या माणसाकडे बघावं तसं बघायचो. पुढे ही मशिनं शिरवळच्या कारखान्यात बनू लागली आणि २००९ मध्ये बनायची थांबली. २०११ मध्ये ती बातमी जगभर छापून आली तेव्हा मी ऑफिसात संगणकावर बसले होते, आणि डाव्या करंगळीने कीबोर्डावरची शिफ्ट उगाच दोनदा दाबून पाहिली. आतलं काही हललं नाही. नाव तेवढं राहिलं होतं.

पण त्या क्लासमध्ये माझ्या मनात घर करून राहिली ती वेगळीच गोष्ट. सकाळी सात ते आठ इंग्रजीचा तास, आठ ते नऊ मराठीचा. इंग्रजी मशिनवर शिफ्ट धरली की अक्षर मोठं व्हायचं. मराठी मशिनवर शिफ्ट धरली की अक्षर अर्धं व्हायचं. पूर्ण क, त, न, म, ल, स साध्या कीवर. तीच की शिफ्ट धरून मारली की अर्धा क, अर्धा त, अर्धा न. आणि ध, भ, श, ण यांसारखी काही अक्षरं तर मुळातच अर्धी, त्यांना पुरं करायला शेजारी काना मारायचा. एकच की, एकच करंगळी, आणि एका भाषेत तिच्याने अक्षर थोर होतं, दुसऱ्या भाषेत ते स्वतःचा अर्धा भाग सोडून देतं, म्हणजे शेजारच्या अक्षराला त्याला चिकटून बसता येतं. सोळा वर्षांच्या मुलीला हे असं सांगता आलं नसतं. मला फक्त एवढं वाटायचं की मराठीची शिफ्ट आमच्या घरातल्यासारखी आहे. जोडाक्षर व्हायचं तर कुणीतरी अर्धं व्हायला हवं. नोकरीत पुढे तीस वर्षं मी हजारो पानं टाइप केली. प्रत्येक 'स्त'मध्ये, प्रत्येक 'न्य'मध्ये तो सरकून जागा करून देणारा स किंवा न मला बोटाने कळायचा.

त्या नोकरीतच एका दुपारी ऑफिसच्या ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश चाळत बसले होते. कशासाठी उघडला होता ते आठवत नाही. एस-एच च्या पानांवर शिफ्ट दिसला आणि सवयीने वाचत गेले. मला वाटलं होतं, पहिला अर्थ सरकणे, हलणे. तसा नव्हता. जुन्या इंग्रजीतलं क्रियापद शिफ्तान, आणि त्याचा अर्थ वाटून देणे, नीट लावणे, क्रमाने मांडणे. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतलं स्किप्ता हे त्याचं भावंड, त्याचाही अर्थ वाटणी करणे आणि बदलणे. अकराव्या शतकात इंग्लंडवर राज्य करणाऱ्या कॅन्यूटच्या कायद्यात, मागे काही लिहून न ठेवता माणूस गेला तर त्याची मालमत्ता बायको, मुलं आणि जवळच्या नातलगांत नीट वाटावी असं म्हटलंय, आणि त्या वाटण्यासाठी हेच क्रियापद आहे. हलवणे, जागा बदलणे हा अर्थ काही शतकांनी आला. बदलायचा कपडा, मग अंगालगतचा झगा, तोही शिफ्ट. आणि कामाची पाळी हा अर्थ तर त्या मानाने अगदी अलीकडचा, खाणींच्या आणि कारखान्यांच्या काळातला. जर्मन भाषेत शिख्ट म्हणजे थर, आणि खाणकामगाराची पाळीही शिख्टच. थरावर थर, पाळीमागून पाळी.

मी तो कोश मिटून खिडकीजवळ जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं आम्ही शिफ्ट शिफ्ट म्हणत होतो आणि त्या शब्दाच्या तळाशी वाटणी होती. बाबांच्या लेथवर तीन माणसं काम करायची. सातचा, तीनचा, अकराचा. तिघं एका वेळी कधीच तिथे नसायचे. तिसऱ्या माणसाशी बाबांचं आयुष्यभरात बोलणं किती झालं असेल, मोजून सांगता येईल. तरी ते त्याला ओळखत होते. टूल कुठे ठेवलंय, पुसायचं फडकं कसं घडी घातलंय, मशिनच्या अंगाला हात लावला की किती तापलंय, यावरून. आज याचं मन ठिकाणावर नव्हतं, असं घरी येऊन सांगायचे. एक दिवस तिघांत वाटून घेतला होता, आणि ज्याच्या वाट्याला रात्र येईल त्याच्या वाट्याला पुढच्या आठवड्यात सकाळ यायची, कुणाच्याच वाट्याला कायमची रात्र नको म्हणून. आजोबांच्या पाण्यासारखं.

स्वीडनमध्ये त्याच कुळातला स्किफ्ते हा शब्द जमिनीच्या वाटणीला लावला गेला. १८२७ च्या कायद्याने तिथल्या गावांतल्या तुकड्यातुकड्यांच्या जमिनी एकत्र करून नव्याने वाटल्या, आणि त्यापायी कित्येक कुटुंबांना गावातलं घर सोडून आपापल्या नव्या शेतावर जाऊन राहावं लागलं. वाटणी आणि बिऱ्हाड हलवणं, दोन्ही अर्थ एकाच शब्दात, एकाच वर्षी, एकाच उंबऱ्यावर. मला ही गोष्ट वाचून त्या परक्या बायांची भांडी डोळ्यांपुढे आली.

शिफ्टची आणखी एक मुलगी इंग्रजीत आहे, मेक शिफ्ट. असेल त्यात निभावून नेणे. वाटणी करता करता माणूस निभावून न्यायला शिकतो, म्हणून वाटण्याच्या क्रियापदाला हा अर्थ फुटला असावा असं मला वाटतं. आणि हे वाचताना मला आईचा आवाज ऐकू आला: भागेल एवढ्यात.

भागणे. दहाला पाचाने भागणे, आणि पगारात भागणे. आपल्या मराठीतही वाटण्याच्या शब्दानेच निभावण्याचं काम उचललंय. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांब, आणि दोघींना एकाच अनुभवाने एकाच वळणावर नेलं. आईच्या स्वयंपाकघरात हे दोन अर्थ वेगळे नव्हतेच. सहा पोळ्या पाच जणांत भागल्या म्हणजे भागलं. संध्याकाळी दमूनभागून ती दाराशी बसायची तेव्हा तिसराही एक भागणे तिथे येऊन टेकायचा. शब्दांच्या पंडितांना या तिघांची कुळं वेगळी लावता येतील. आमच्या घरी ते एकाच ताटात जेवले.

सरकारी कायद्याची भाषा कोरडी असते असं म्हणतात. मी ती आयुष्यभर टाइप केली आणि मला तसं वाटत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ५७ व्या कलमात मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीबद्दल दोन ओळी होत्या. अशा कामगाराची सुट्टी म्हणजे त्याची पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास. आणि मध्यरात्रीनंतर त्याने केलेलं काम आदल्या दिवसात धरायचं. म्हणजे कॅलेंडरवरची तारीख बदलली तरी बाबांचा सोमवार चालूच राहायचा. तो संपायचा मंगळवारी सकाळी सात वाजता, हात धुऊन झाल्यावर. एका माणसाच्या झोपेसाठी दिवसाची सीमा सात तासांनी पुढे ओढून देणारं ते कलम मी पहिल्यांदा टाइप केलं तेव्हा माझ्या हातून तीन चुका झाल्या.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात बाबा रात्री साडेअकराला यायचे. मी अभ्यासाच्या निमित्ताने जागी राहायचे. आमच्या वसाहतीच्या पलीकडे हायवे, हायवेच्या पलीकडे खारफुटी आणि ठाण्याची खाडी. भरतीच्या रात्री वाऱ्याला तिवरांचा, चिखलाचा खारट वास असायचा. भरतीची वेळ रोज जवळपास पन्नास मिनिटांनी पुढे जाते. मोठ्या भरतीचं उधाण आणि लहान भरतीची भांग, हे शब्द मला बाबांनीच शिकवले, डोंगराकडच्या माणसाने. कामावरच्या एका कोळ्याकडून ते ऐकून आले होते. पाणीही शिफ्टने येतं, म्हणाले होते, पण त्याची शिफ्ट रोज सरकते, आपली आठवड्याने. त्या एका वाक्यात त्यांनी शिफ्टचे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी ठेवले होते, हे मला कळायला पुढे वीस वर्षं लागली.

त्यांच्या शेवटच्या आजारात हा शब्द पुन्हा दाराशी आला. आधी आयसीयूत शिफ्ट केलं, मग वॉर्डात शिफ्ट केलं, मग पुन्हा वर. मराठीत आल्यावर या क्रियापदाला एकट्याने उभं राहता येत नाही, त्याला करणे किंवा होणे यांचा हात धरावा लागतो. आणि त्या हातावरून कळतं की आपण हललो की कुणी आपल्याला हलवलं. आम्ही शिफ्ट झालो. बाबांना शिफ्ट केलं. हॉस्पिटलात मी दिवसातून किती वेळा फोनवर हे केलं, केलं, केलं म्हणत होते. जन्मभर स्वतःच्या पायाने शिफ्टला गेलेला माणूस.

सकाळी सातच्या सुमारास नर्सबाई बदलायच्या. जाणारी येणारीला हळू आवाजात सगळं सांगायची: रात्री ताप किती होता, सलाइन किती वाजता लावलं, काय खाल्लं. बाबा डोळे मिटून ऐकत असायचे. एका पहाटे, अजून अंधार होता, त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "रिलीव्हर आला का?"

कारखान्यात आपला रिलीव्हर आल्याशिवाय मशिन सोडायचं नाही. तो उशिरा आला तर थांबायचं. एकदा पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या तेव्हा बाबा सलग दोन शिफ्ट उभे राहिले होते. मला हे सगळं माहीत होतं, म्हणून मला उत्तर द्यायला वेळ लागला. मग मी म्हटलं, "आलाय बाबा. हात धुतोय."

"टूल बदललंय, सांग त्याला," ते म्हणाले. आणि हात सोडला. त्यानंतर ते चार दिवस होते, पण कामाचं पुन्हा काही विचारलं नाही.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. त्यातल्या एकीचं नाव २४७ पार्क आहे. मी ते चोवीस तास, सातही दिवस असं वाचते. रेल्वेवरून पूर्व-पश्चिम पूल २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला. ज्या फाटकाशी सायकलचा एक पाय जमिनीला टेकवून बाबा गाडी जायची वाट बघायचे, तिथे आता कुणाला थांबावं लागत नाही. आणि आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली.

सगळं कन्नमवार नगर सध्या एकच शब्द बोलतं. तुम्ही शिफ्ट झालात का? कुठे शिफ्ट झालात? शिफ्टिंगला माणसं कुठून मिळाली? पूर्वी लोक बिऱ्हाड हलवायचे, जागा बदलायचे. बिऱ्हाड म्हटलं की त्यात चूल, माणसं, देव, लोणच्याची बरणी सगळं एका गाठोड्यात यायचं. शिफ्टमध्ये तेवढं मावत नाही, असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही. टेम्पो भरताना कॉटच्या गजांना मी हात लावला. माणसं विचारत होती, ताई, ही शिफ्ट करायची की भंगारात? भाऊ आणि मी एकदमच बोललो: करायची.

गोदरेजचं कपाट चौघांनी मिळून उतरवलं. प्रत्येक मजल्यावर थांबून ते बाजू बदलत होते, जिन्याच्या खालच्या अंगाला असलेल्यावर जास्त भार येतो म्हणून. आई ८४ वर्षांची. खुर्चीवर बसून ती त्यांच्याकडे बघत होती आणि मध्येच म्हणाली, "त्या बारक्याला सारखं खालीच ठेवू नका रे."

भाड्याची खोली टागोर नगरात मिळाली. दोन खोल्यांच्या मध्ये नुसतं पार्टिशन आहे, पलीकडे कुणी कूस बदलली तरी ऐकू येतं. पलीकडे एक मराठवाड्यातला मुलगा एकटा राहतो. पहिल्याच सकाळी साडेसातला तो जिना चढून आला, गळ्यात ओळखपत्र, डोळे लाल. दारात आई बसलेली.

"काय रे, कुठली ड्युटी?"

"नाइट शिफ्ट, आजी. अमेरिकेचं काम आहे."

"चहा घेतलास?"

त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि आत गेला. पलीकडे खाट कुरकुरली. मी स्वयंपाकघरात खोकी सोडत होते. कुकर वरच निघाला होता, म्हणून तो धुऊन ओट्यावर ठेवला आणि तांदूळ भिजत घातले. आई भिंतीला धरत धरत आत आली. तिने कुकर उचलला, ओट्याखाली सरकवला आणि खोक्यात हात घालून पातेलं शोधू लागली.

"पेज काढून ठेव," ती हळू आवाजात म्हणाली. "तो दुपारी उठेल."